मुलांच्या कमरेची लवचिकता घरी कशी मोजायची: टेप, पेन आणि थोडा धीर

पोरगं पायाचे अंगठे पकडू शकत नाही म्हणजे त्याची कंबर आखडलीये, हा निष्कर्ष आपल्याकडे फार पटकन काढला जातो. पीटीच्या तासाला सूर्यनमस्कार चालू असतात, हस्तपादासनात हात जमिनीला टेकले नाहीत की सर म्हणतात अजून वाक अजून वाक, घरी आई म्हणते दिवसभर मोबाईल घेऊन लोळतोस म्हणून असं होतं. पण पुढे वाकल्यावर बोटं कुठवर पोचतात त्यात कंबर असते, खुबा असतो, मांडीच्या मागचे स्नायू (हॅमस्ट्रिंग) असतात, पाय किती लांब हात किती लांब तेही असतं, हे सगळं एकाच आकड्यात मिसळून येतं आणि त्यातली कंबर किती ते त्या आकड्यावरून कळतच नाही.

दोन पोरं शेजारी शेजारी उभी करून वाकायला सांगा आणि बाजूने बघा. एकाची पाठ पाटासारखी सपाट राहते, तो सगळा खुब्यातून वाकतो आणि हात आरामात जमिनीला लागतात. दुसऱ्याची कंबर छान गोल होते, एकेक मणका उघडताना दिसतो, पण गुडघ्यामागची शीर ताणली जाते आणि हात नडगीच्या मध्यावरच थांबतात. शाळेच्या रिपोर्टात पहिला लवचिक आणि दुसरा कडक. कमरेपुरतं बघायचं तर गोष्ट बरोब्बर उलटी आहे! म्हणून कंबर मोजायची असेल तर कंबरच मोजायची, सरळ पाठीच्या कातडीवर टेप लावून. तेच नीट स्टेप बाय स्टेप सांगते.

आधी शाळेतल्या टेस्टबद्दल थोडं

शाळेत जी टेस्ट होते ती सिट अँड रीच. पाय सरळ करून बसायचं, तळवे एका खोक्याला टेकवायचे आणि खोक्यावरच्या पट्टीवर हात पुढे सरकवायचे. वेल्स आणि डिलन या दोघींनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज जगभर तीच चालते, आपल्याकडे खेलो इंडियाच्या फिटनेस टेस्टमध्येही वरच्या वर्गांना हीच आहे. सोपी आहे, स्वस्त आहे, पन्नास पोरांची एका तासात उरकते. पण अभ्यासांमध्ये परत परत हेच दिसलंय की ही टेस्ट हॅमस्ट्रिंगबद्दल बऱ्यापैकी सांगते, कमरेबद्दल फारच कमी.

आणि आकडा वाचताना एक गोष्ट बघाच, खोक्यावर तळव्याची रेघ किती सेंमीवर आहे. युरोफिट (युरोपातल्या मुलांची फिटनेस टेस्ट) पद्धतीच्या खोक्यात ती १५ वर असते, अमेरिकन पद्धतीत २३ वर (म्हणजे ९ इंच), कॅनडाच्या पद्धतीत २६ वर. म्हणजे अगदी पायापर्यंत हात पोचणाऱ्या एकाच पोराला एका खोक्यावर १५ मिळतील आणि दुसऱ्यावर २६! कुणी नेटवरून तक्ता काढून तुमच्या मुलाचा आकडा त्यात बसवत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, शून्य कुठे धरलंय.

अमेरिकेतल्या फिटनेसग्राममध्ये (तिथल्या शाळांमधली फिटनेस टेस्ट) एकेक पाय आळीपाळीने सरळ ठेवून ही टेस्ट करतात, दुसरा गुडघा दुमडलेला, कारण दोन्ही पाय सरळ ठेवले की कमरेवर जास्त ताण येतो. तिथे तळव्याची रेघ ९ इंचावर आणि मुलग्यांना सगळ्या वयात फक्त ८ इंच पुरतात. म्हणजे पायापर्यंत हात एक इंच कमी पडला तरी तो मुलगा पास. मुलींना १० वर्षांपर्यंत ९, ११ ते १४ ला १०, आणि १५ च्या पुढे १२. आणि १२ च्या वर मार्कच देत नाहीत, जास्त वाकायची चढाओढ लागू नये म्हणून. हे आपल्याकडच्या प्रत्येक पीटी सरांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मोजायच्या आधी

सामान: शिवणकामाचा टेप, स्केच पेन किंवा आयब्रो पेन्सिल (बॉलपेन नको, टोचतो आणि निघत पण नाही), एक पट्टी, एक वही. टेप कापडी आणि जुना असेल तर तो ताणून लांबलेला असू शकतो, स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून ३० सेंमी खरंच ३० आहेत का बघून घ्या.

वेळ: सकाळी उठल्या उठल्या नको. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि त्यामुळे कंबर सगळ्यांचीच कडक असते, मोठ्यांची काय लहानांची काय. संध्याकाळी खेळून आल्यावर थोडा वेळ बसून मग मोजा, नाहीतर दुपारी, पण जी वेळ ठरवाल तीच दर वेळी ठेवा. मोजण्याआधी दोन तीन मिनिटं जागच्या जागी चालणं, हात वर करून ताणणं, हळू दोन तीनदा ओणवं होणं एवढं पुरे. एकदा वॉर्म अप करून आणि एकदा न करता मोजलं तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका.

कपडे: कमरेचा भाग उघडा लागतो, चड्डी किंवा ट्रॅकपँट थोडी खाली आणि टीशर्ट वर. मुलाला आधी सांगा काय करणार आहोत, कुठे हात लागणार आहे, चालेल का विचारा. दहा बारा वर्षांची मुलं मुली लाजतात आणि ते साहजिक आहे, मुलगी असेल तर आईने किंवा ताईने मोजावं, शाळेत असेल तर बाईंनी, आणि बाकीच्या पोरांसमोर तर अजिबात नाही. नको म्हणाली तर त्या दिवशी नाही.

वय: पाच सहा वर्षांखालच्या पोरांना यातलं काही नीट करता येत नाही, ती वळवळतात, हसतात, गुडघे वाकवतात. सात आठ वर्षांपासून आकड्याला अर्थ यायला लागतो.

मुख्य मोजमाप: शोबर टेस्ट

पॉल शोबर या जर्मन डॉक्टरांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली. कल्पना साधी, कंबर पुढे वाकली की मणके मागच्या बाजूने उघडतात आणि त्यांच्यावरची कातडी ताणली जाते, मग उभं असताना कातडीवर दोन खुणा करा आणि वाकल्यावर त्या किती लांब गेल्या ते मोजा. पुढे १९६९ मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी खुणांच्या जागा बदलल्या (५ सेंमी खाली आणि १० वर), आणि १९७३ मध्ये व्हॅन आड्रिकेम आणि व्हॅन डर कोर्स्ट यांनी आणखी सोपी केली, आणि त्यांचं काम मुलांवर आणि वयात येणाऱ्या पोरांवरच होतं. घरी करायला हीच शेवटची सगळ्यात बरी, कारण खालची खूण शोधायला सोपी.

१. मुलाला अनवाणी, सपाट फरशीवर उभं करा, पावलांमध्ये वीतभर अंतर, वजन दोन्ही पायांवर सारखं, नजर समोर, हात बाजूला सैल. पोट आत ओढायचं नाही, छाती पुढे काढायची नाही, नेहमीसारखं उभं राहायचं.

२. तुम्ही त्याच्या मागे बसा, डोळे कमरेच्या पातळीला येतील असे. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, आपण कमरेवर हात ठेवतो तसे, आणि अंगठे मागे आणि किंचित खाली सरकवा. पाठीच्या खाली दोन्ही बाजूला दोन खळ्या दिसतात, तिथे अंगठ्याखाली हाडाचा छोटा टणक उंचवटा लागतो. बारीक मुलात लगेच सापडतो, गुबगुबीत मुलात जरा दाबून शोधावा लागतो. घाई करू नका, सगळं मोजमाप या एका जागेवर उभं आहे, ती दोन सेंमी चुकली तर पुढचं सगळं चुकलं.

३. दोन्ही उंचवटे जोडणारी आडवी रेघ मनात ओढा आणि ती कण्याला जिथे छेदते तिथे पेनाने छोटी आडवी खूण करा. ही खालची खूण.

४. तिथून कण्यावरून सरळ वर बरोबर १५ सेंमी मोजून दुसरी खूण. टेप कातडीला टेकलेला हवा पण रुतलेला नको. मूल सरळ उभं आहे ना परत बघा, कारण या वेळेपर्यंत ते कंटाळून एका पायावर आलेलं असतं.

५. आता टेपचा शून्य खालच्या खुणेवर अंगठ्याने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने टेप वरच्या खुणेजवळ सैल धरा म्हणजे तो बोटांतून सरकेल. मुलाला सांगा: आधी हनुवटी छातीला लाव, मग खांदे, मग पाठ, हळूहळू गुंडाळत खाली जा, हात मांडीवरून नडगीकडे सरकव, गुडघे सरळ. झटके नाहीत, उसळ्या नाहीत. जमिनीला हात लागायलाच हवा असं अजिबात म्हणू नका, नाहीतर ते गुडघे वाकवणार किंवा सगळं खुब्यातून घेणार.

६. जिथे ते थांबेल तिथे दोन सेकंद थांबू दे आणि वरच्या खुणेवर टेपचा आकडा वाचा. समजा २१.५ आला, त्यातून १५ वजा, म्हणजे ६.५ सेंमी. हा तुमचा आकडा.

७. पहिला प्रयत्न सरावाचा धरा. मग तीनदा मोजा, मधे प्रत्येक वेळी मूल पूर्ण उभं राहू दे. तिन्ही आकडे अर्ध्या सेंमीच्या आत असतील तर सरासरी घ्या. एक सेंमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर खुणा पुसा आणि परत पहिल्यापासून.

पाठीवर हात ठेवून दाबून वाकवायचं नाही, हे वेगळं सांगते कारण कितीतरी क्लासेसमध्ये अजूनही करतात. दाबून मिळालेला आकडा त्या मुलाचा नसतो, दाबणाऱ्याच्या जोराचा असतो, आणि इजा होऊ शकते ती वेगळीच.

आकडा किती यायला हवा

मोठ्या माणसांमध्ये ढोबळ नियम असा की ५ सेंमी तरी वाढायला हवेत. वयात येणाऱ्या मुलांमध्ये बहुतेक जण ५ ते ७ च्या आसपास येतात, थोडं इकडे तिकडे असतंच, आणि पंधरा ते अठराच्या वयात मुलग्यांचा आकडा मुलींपेक्षा सहसा थोडा जास्तच असतो. सिट अँड रीचमध्ये याच्या उलट दिसतं, तिथे मुली पुढे असतात, त्यामुळे मुली लवचिक मुलगे कडक हे जे आपण धरून चालतो ते कमरेला लागू पडतच नाही.

आता इथे वाढत्या वयाची एक अडचण आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. १५ सेंमी हे अंतर ठरलेलं आहे पण पाठ वाढतेय. सात वर्षांच्या पोराच्या पाठीवर १५ सेंमी म्हणजे अख्खी कंबर आणि वर बरगड्यांच्या मणक्यांपर्यंत, आणि सोळाव्या वर्षी त्याच १५ मध्ये कंबरेचे जेमतेम मणके मावतात. म्हणजे वर्षांनी आकडा थोडा बदलला तर तो कडकपणाच असेल असं नाही, मोजपट्टीखाली आता वेगळे मणके आहेत. म्हणून मोठ्या भावाचा आकडा धाकट्याशी, किंवा वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाचा सगळ्यात बुटक्याशी लावून बघू नका. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी, आणि तीही एक सेंमीच्या आतल्या फरकाकडे दुर्लक्ष करून, कारण तेवढी चूक हाताने मोजताना होतेच.

उंची आणि बैठी उंची सोबत लिहाच

मुलींची झपाट्याने वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांची चौदाव्याच्या, आणि त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंमी उंची वाढणं नॉर्मल आहे. पण सगळं एकदम वाढत नाही, आधी पाय लांब होतात आणि धड नंतर गाठतं. म्हणजे मधे काही महिने असे येतात की पाय लांब, धड मागे, आणि जो पोरगा मागच्या वर्षी आरामात अंगठे पकडायचा त्याचे हात आता पोचत नाहीत. व्यायाम कमी पडला म्हणून त्याला बोलणी बसतात आणि त्याच्या अंगात झालेलं असतं ते एवढंच.

म्हणून दर वेळी दोन उंच्या घ्या. एक भिंतीला टेकून उभी उंची. दुसरी बैठी उंची: भिंतीला लावून स्टूल ठेवा, मुलाला पाठ टेकून ताठ बसवा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा, आणि जमिनीपासूनच्या उंचीतून स्टुलाची उंची वजा करा. उभी वजा बैठी म्हणजे पायांची लांबी, घरगुती हिशोबाला पुरेशी.

समजा जूनमध्ये नोंद अशी आहे: उंची १४८, बैठी ७७, शोबर ६.३, सिट अँड रीच २४. डिसेंबरमध्ये: उंची १५३, बैठी ७८.५, शोबर ६.१, सिट अँड रीच १९. शाळेच्या कागदावर पोरगं ५ सेंमीने कडक झालं. तुमच्या वहीत काय दिसतं? कमरेत काहीच बदल नाही, ६.३ आणि ६.१ एकच धरायचे. पाय साडेतीन सेंमी वाढले, धड दीड. यात काळजीचं काही नाही, मांडीच्या मागचे स्नायू हळूहळू ताणायचा व्यायाम चालू ठेवायचा आणि पुढच्या तीन महिन्यांनी परत बघायचं.

आणि याच्या उलट, शोबर ६.३ चा ४.५ झाला आणि हात मात्र अजून जमिनीला टेकतायत, तर ती नोंद मी गांभीर्याने घेईन. सिट अँड रीचमध्ये ते पोरगं फुल मार्कांनी पास होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अडकलंय कुठे ते ओळखायच्या दोन झटपट युक्त्या

पहिली: मुलाला स्टुलावर बसवा, पावलं जमिनीला, गुडघे दुमडलेले, आणि दोन्ही पायांच्या मधे पुढे वाकायला सांगा. गुडघा दुमडला की हॅमस्ट्रिंग सैल पडतो. उभं असताना न वाकणारं पोर असं छान गोल होऊन खाली जात असेल तर कंबर मोकळी आहे, अडत होतं ते मांडीमागे.

दुसरी: दाराच्या चौकटीत जमिनीवर उताणं झोपवा, एक पाय दारातून सरळ पुढे जमिनीवर, दुसरा पाय गुडघा न वाकवता वर उचलायचा. खालचा पाय किंवा कंबर हलायला लागली की थांबा आणि बाजूने मोबाईलवर फोटो काढा. पाय सत्तर ऐंशी अंशांपर्यंत येत असेल तर ठीक, पन्नास साठलाच अडत असेल तर हॅमस्ट्रिंग घट्ट आहे. दोन्ही पायांचं वेगवेगळं लिहा.

मागे वाकणंही बघा

हात कमरेवर ठेवून हळू मागे झुकायला सांगा, तुम्ही मागे हात आडवा धरून उभे राहा. याचा टेपने आकडा घेता येतो, खुणा जवळ येतात, पण घरी तो नीट येत नाही म्हणून मी आकड्याच्या मागे लागत नाही, फक्त विचारते दुखलं का, कुठे, बोटाने दाखव. क्रिकेटमध्ये फास्ट बॉलिंग करणारी पोरं, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांबाची पोरं यांच्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मागे वाकताना, विशेषतः एका पायावर उभं राहून मागे वाकताना, कमरेत एकाच जागी दुखत असेल तर मणक्याच्या मागच्या भागाला स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. सराव तिथेच थांबवा आणि दाखवा. स्पर्धा तोंडावर आहे म्हणून पेनकिलर देऊन खेळवू नका, प्लीज.

पुढे वाकलेलं असताना मागून एक नजर टाका, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का. हात जोडून, सरळ समोर लोंबकळत ठेवून वाकायला सांगा म्हणजे स्पष्ट दिसतं. एका बाजूला उंचवटा म्हणजे कणा वाकडा होत असण्याची शक्यता आणि वाढीच्या वयात तो लवकर वाढू शकतो, त्यामुळे वाट बघत बसायचं नाही.

जास्त लवचिक असणंही तपासा

गुडघे सरळ ठेवून अख्खे तळवे जमिनीला टेकवणारं पोर दिसलं की सगळे टाळ्या वाजवतात. टेकू दे, त्यात वाईट काही नाही. पण सोबत कोपर आणि गुडघे उलटे जात असतील, अंगठा मनगटाकडे दुमडून हाताला लागत असेल, करंगळी नव्वद अंशांच्या पुढे मागे जात असेल, तर सांधेच सैल आहेत. डॉक्टर यालाच ९ पैकी मार्क देतात, बायटन स्कोर म्हणतात, आणि तळवे टेकणं हा त्यातलाच एक मार्क. अशा मुलांना आणखी स्ट्रेचिंग कशाला? त्यांना ताकदीचे व्यायाम हवेत, आणि वाकण्याच्या स्पर्धेपासून लांब ठेवलेलं बरं.

किती वेळा मोजायचं

दर तीन महिन्यांनी एकदा. दर आठवड्याला मोजून काही कळत नाही, उलट मुलाला वाटायला लागतं आपल्यात काहीतरी बिघाड आहे. मोजणारा माणूस तोच असलेला बरा. वहीत तारीख, वेळ, वॉर्म अप केलं का, उंची, बैठी उंची, शोबरचे तिन्ही आकडे आणि कुठे दुखलं का, एवढं एका ओळीत.

डॉक्टरकडे कधी

आकडा ४ च्या खाली आणि परत मोजूनही तोच, किंवा सहा महिन्यांत दीड दोन सेंमीने घसरलेला. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर धरलेली राहते आणि हालचाल केल्यावर सुटते, सोबत टाचा किंवा गुडघे दुखतात सुजतात. हा मुलांमधल्या एका प्रकारच्या संधिवाताचा नमुना असू शकतो आणि त्यासाठी मुलांच्या संधिवाताचे डॉक्टर असतात, तेही हीच शोबर टेस्ट करतात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन कमी होणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी संडासवरचा ताबा जाणं यातलं काहीही असेल तर टेप बाजूला ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर. पाच वर्षांखालचं मूल कंबर दुखते म्हणत असेल तरी लगेच.

जाताना वही घेऊन जा, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की खालची खूण दोन खळ्यांच्या मधे आणि वरची १५ सेंमीवर घेतलीये. काही दवाखान्यांत ५ खाली १० वर ही जुनी पद्धत चालते, तिचा आकडा वेगळा येतो, आणि डॉक्टरांना तुमची पद्धत कळली तरच तुमचा आकडा त्यांच्या कामाचा.